आईलाही विसावा लागतो

सरूबाईंचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. त्यांचं आडनाव मला माहीत नाही. गावही नीट माहीत नाही, पैठणच्या अंगाला कुठंतरी आहे एवढं त्या एकदा बोलल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन त्या आमच्या गल्लीत जोगवा मागायला यायच्या. लोक त्यांना आराधीण म्हणायचे. पोरं मागून चिडवायची, कारण लहानपणी निघालेल्या मोठ्या देवीच्या वणांनी त्यांचा सगळा चेहरा भरलेला होता. आज माझी दोन्ही लेकरं माझ्यासमोर बसून पाण्याच्या बाटलीवरून भांडतायत, ती त्यांच्यामुळं, असं मी मानते. कुणी म्हणेल डॉक्टरांमुळं. तेही खरं आहे. मी शाळा सातवीतून सोडली, मला वाद घालता येत नाही आणि घालायचाही नाही. जे झालं ते जसं आठवतं तसं सांगते.

आमचं गाव किनवटच्या पुढं, डोंगराच्या कडेला. माहूरची रेणुकामाता आमची कुळदेवी, म्हणून थोरलीचं नाव रेणू ठेवलं. तिथून औरंगाबाद, तेव्हा सगळे तेच नाव घ्यायचे, आमच्यासाठी परमुलूखच होता. पण लागोपाठ पावसानं पाठ फिरवली, गावात हाताला काम उरलं नाही, आणि ह्यांना वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं काम लागलं. आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या एका चाळीत राहायला आलो. चारी बाजूंनी शहर वाढत होतं. आज जिथं ज्वारीचं रान, तिथं पुढच्या वर्षी इमारतीचे खांब उभे असायचे. फक्त पाणी वाढत नव्हतं. नळ होते, त्यांना पाणी नव्हतं. टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन पळायची, आणि मीही पळायची. तेवढं एकच काम मला तिथल्या लोकांसारखं करता यायचं.

माझा धाकटा सोपान चार वर्षांचा होता तेव्हा त्याला ताप यायला लागला. अंगावर निळे डाग दिसायचे. मला वाटायचं पडला असेल, पोरगं आहे. मग तो खेळायचाच बंद झाला, भिंतीला टेकून बसायचा आणि मी हाक मारली की फक्त डोळे वर करायचा. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. त्यानंतरचे दिवस मला एकेक करून सांगता येत नाहीत, ते सगळे एकाच कळकट पदरासारखे गुंडाळलेले आहेत. सलाईन, ओकाऱ्या, वॉर्डातल्या खिडकीतून दिसणारं कडुलिंबाचं झाड, आणि माझ्या मांडीवर त्याचं केस गेलेलं डोकं. मी तिथं उभ्या उभ्या झोपायला शिकले. देव्हाऱ्यातला रेणुकेचा चांदीचा टाक मी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिला. रागानं ठेवला असं नाही. रोज तिच्यापुढं हात जोडायचे तर काहीतरी मागावं लागतं, आणि मागायलाही अंगात जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता.

पहिले कठीण महिने सरले. वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आजार दबलाय, रक्तात दिसत नाही. आता घरी राहून रोजच्या गोळ्या आणि अधूनमधून वॉर्डात येऊन सुई, असं बराच काळ चालवायचं. आम्ही चाळीत परत आलो. तोंडावर फडकं बांधलेलं, टक्कल पडलेलं ते लेकरू बघून गल्ली मागं सरली. कुणी वाईट नव्हतं, घाबरलेले होते. हा आजार लागतो की काय, असं त्यांना वाटायचं. पोरांना आया हाका मारून घरात घ्यायच्या. टँकरपाशी माझ्या हंड्याच्या आजूबाजूला जागा मोकळी राहायची. सोपान दारात बसून दुसऱ्यांचा खेळ बघायचा आणि कधीकधी मला विचारायचा, "आई, मला कवा बोलावतील?" मी म्हणायची, केस आले की.

त्याच सुमारास मॅडमनी कांजण्यांची गोष्ट काढली. फाल्गुन संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, ह्या दिवसांत कांजण्यांची साथ येते. इतर मुलांना त्या होतात आणि जातात. सोपानला झाल्या तर त्या फुप्फुसात उतरू शकतात. आपण इतकं करून आणलेलं पोर हातचं जाईल. त्याला जपा."

मी म्हणाले, "मग त्याला लस देऊन टाका ना, मॅडम."

"त्याला आत्ता नाही देता येत. त्या लसीत कांजण्यांचाच जंतू असतो, जिवंत, पण निजवलेला. आपलं अंग धड असलं की तो निजूनच राहतो आणि अंग त्याला ओळखून ठेवतं. सोपानच्या अंगातले राखणदार आम्हीच औषधानं कमी केलेत. त्याच्या अंगात तो जागा झाला तर कोण आवरणार? त्याचे उपचार संपले, अंग भरलं, की मी स्वतः देईन. तोवर त्याच्याभोवतीच्यांनी लस घ्यायची. तुम्हाला दोघांना झाल्यात का?"

आम्हाला दोघांनाही लहानपणी झाल्या होत्या. रेणूला झाल्या नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, पुढच्या खेपेला हिला घेऊन याच.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सोपानच्या आजारपणात गाव सोडून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. त्यांचा हात थांबला. "चैत्र लागतोय," त्या म्हणाल्या. "चैत्र आईचा, देवीचा म्हयना. तिच्या म्हयन्यात तिलाच अडवायला लेकीला सुई टोचणार व्हय? ती रागावली तर तुझी मॅडम यील का तिला समजावायला?"

हे म्हणाले, "अगं आई, डॉक्टरनं सांगितलंय."

"नाय म्हणतंय कोण? वैशाखात द्या ना. म्हयनाभरानं काय बिघडतंय."

आमच्याकडं चैत्रात लेकरांना कसलीच सुई देत नाहीत, ही रीत मी माहेरीही बघितली होती. आणि खरं सांगायचं तर मला भांडायचा कंटाळा आला होता. सगळीकडंच मला कुणाशी तरी भांडावं लागत होतं. वैशाख तर वैशाख, असं ठरलं.

चैत्रातच आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत, मंगलच्या पोराला देवी आली. आमच्याकडं कांजण्या म्हणत नाहीत, देवी आली म्हणतात. ते पोरगं अजून शाळेत जात नव्हतं, आमच्याकडंही कधी येत नव्हतं, त्यामुळं मला भीती वाटली ती लांबूनच. मंगलनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले, घरात फोडणी बंद केली. मी सोपानला आत ठेवून कडी लावून घेतली. पण दोन दिवसांनी मंगलच आमच्या दारात आली. डोक्यावर पदर, हातात हळदकुंकवाची वाटी.

"ताई," ती म्हणाली, "शुक्रवारी आईसाठी पाच लेकरं जेवू घालायची हायेत. दहीभात, गूळ. आमच्या माहेरची रीत हाय ती. पयला मान तुमच्या सोपानचा. देवीच्या ताटाला बसला तर लेकराची सगळी पीडा जाती, असं माझी आजी म्हणायची. म्हून म्हणलं, त्याच्याइतकी गरज कुणाला हाय?"

एका वर्षात कुणी माझ्या पोराला काहीही खायला बोलावलं नव्हतं. मंगल तिच्या परीनं सगळ्यांत मोठी गोष्ट घेऊन आली होती. घरात आई बसलेली असताना तिनं ज्याला बाकीची गल्ली टाळते त्याचं नाव पहिलं घेतलं होतं. मॅडमचे शब्द मला आठवत होते, अगदी नीट आठवत होते, पण ते दवाखान्यातल्या पांढऱ्या उजेडातले शब्द होते आणि मंगल माझ्या दारात उभी होती. मी म्हणाले, "त्याला बरं असलं तर बघते." आत सोपाननं ऐकलं होतं. "आई, मला बोलावलं," तो म्हणाला. केस अजून आले नव्हते.

आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. "न बोलावता गेलं तर तरास हाय. मानानं बोलावल्यावर आई उलट जपती. आन मानाला नाय म्हणलं तर मग बघायलाच नको." मी त्यातल्या त्यात एक वाट काढली. त्याला दारापर्यंत नेईन, बाहेरूनच पाया पडायला लावीन आणि माघारी आणीन. मान राखला जाईल आणि पोरगंही आत जाणार नाही. आज मला माहीत आहे की दारातून आत एक पाऊल टाकायला कितीसा वेळ लागतो. मंगलनं हात धरून ओढलं असतं तर मी काय तो सोडवून घेणार होते? हे कामावर होते, कंपनीत आत फोन नेऊ देत नसत. मी कुणाला विचारलंही नाही.

शुक्रवारी मी त्याला न्हाऊ घातलं, इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं. तो इतका खूश होता की त्याच्या पायांत पुन्हा बळ आल्यासारखं वाटलं. रेणू शाळेतून यायची होती. आम्ही दोघं आणि आत्याबाई ओळीच्या टोकाला गेलो. मंगलच्या उंबऱ्यावर सरूबाई बसल्या होत्या. आत आईसाठी गाणं म्हणायला त्यांना बोलावलं होतं, आणि गाणं संपवून त्या उंबऱ्यातच पाय पसरून बसल्या होत्या, परडी मांडीवर. आम्ही जवळ गेलो तरी त्या उठल्या नाहीत. उलट दुसराही पाय लांब केला. सगळं दार अडलं.

"हे लेकरू आत न्यायचं नाय," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, ह्यांनाही किळस आली. आत्याबाई मात्र पेटल्या. "काऊन? तुमी कोण सांगणार? त्याचा मान हाय आज."

"मान हाय म्हूनच म्हणते. मानाच्या पाव्हण्याला कुणी पंगतीत गर्दीत बसवतं का? त्याचं ताट त्याच्या घरी."

मंगल आतून आली, हाताला दहीभात लागलेला. "मावशी, असं काय करता. आईच्या दारातून कुणाला माघारी धाडू नये म्हणतात."

"मी कुठं धाडते? मी बी चालले ना त्याच्यासंगं." सरूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि उठता उठता त्यांनी आत बघून विचारलं, "ही वेणीवाली पोर कुणाची?"

मी वाकून बघितलं. आत पाच पाटांपैकी एका पाटावर माझी रेणू बसली होती, दप्तर पाठीवर तसंच. शाळेतून परस्पर तिथं गेली होती. भावाच्या जेवणाचं तिनं ऐकलं होतं आणि तिलाही कुणीतरी हात धरून बसवलं होतं. तिच्या शेजारी मंगलचं पोरगं, अंगभर पाण्यानं भरलेले फोड, तिच्याच ताटातला गूळ चोखत होतं.

तोवर जी भीती मी कडी लावून बाहेर ठेवली होती, ती माझ्या लेकीच्या रूपानं रोज माझ्या घरात निजायला येणार होती. दोनेक आठवड्यांनी रेणूच्या अंगावर फोड उठणार, आणि ते उठायच्या आधीच ते सोपानला लागणार. आमची एकच खोली, एकच अंथरूण. मी तिथंच भिंतीला धरून खाली बसले. मी रडलेही नाही. मला फक्त झोपावंसं वाटत होतं.

सरूबाई आमच्या खोलीत आल्या. आधी बाहेरच्या दगडावर उभं राहून कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, परडी बाहेर खुंटीला अडकवली. रेणूला मी दाराबाहेरच अंघोळ घातली. सरूबाईंनी विचारलं, ह्याला काय चालतं? मी म्हणाले, ताजी शिजवलेली मऊ खिचडी. "मग आज आईचा निवद खिचडीचा," त्या म्हणाल्या आणि माझ्या चुलीपाशी बसून त्यांनी ती स्वतः शिजवली. मग मला म्हणाल्या, "तुमच्या घरची आई कुठंय?" मी पेटीकडं बोट दाखवलं. मीच उठून टाक काढला, पदरानं पुसला आणि पाटावर ठेवला. सोपाननं तिच्यासमोर बसून खिचडी खाल्ली, सगळी, ताट चाटून. त्याला वाटलं, मान म्हणजे हेच.

आत्याबाई कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या. सरूबाई त्यांच्या बाजूला सरकल्या. मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरीला सुई देणार हायेत ना?"

"चैत्र चाललाय," आत्याबाई म्हणाल्या.

"माझं तोंड बघा." सरूबाईंनी गालावरून हात फिरवला. "मोठ्या देवीनं केलं हे. माझी दोन भावंडं तिनं नेली, मला ठिवलं. मग सुई आली आन मोठी देवी जगातून गेली. कुणाच्या अंगावर परत आली नाय. ती रागावली असती तर आली असती का नाय?"

"मग?"

"ती दमली व्हती. लेकरायच्या अंगावर नाचून नाचून आई दमली व्हती, बाई. सुईनं तिला बसायला जागा दिली. आईला बी विसावा लागतो." मग त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या सुनंकडं बघा. तिला काय कमी लागतो व्हय?"

आत्याबाई म्हणाल्या, "चहा घेता का?" तेव्हा मला कळलं की सुईचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. रेणू माझ्यापासून चार हात लांब बसून आली, तिला मी समजावून सांगितलं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लवकर आलात ते फार चांगलं केलं. संसर्ग होऊन दोन-तीन दिवसांच्या आत लस दिली तर ती बहुतेक वेळा कांजण्यांच्या आधी पोचते. झाल्याच तर हलक्या होतात." रेणूला लस दिली. सोपानला तपासलं. तो आत गेलाच नव्हता हे तीन वेळा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आता पुढचे तीनेक आठवडे बहीण-भाऊ एका छताखाली नकोत. लस दिली तरी खात्री धरू नका. हिला कुणाकडं ठेवता येईल?"

मी म्हणाले, बघते. काय बघणार होते? गाव एका दिवसाच्या प्रवासावर. तिथं जावेची तान्ही पोर, तिला कांजण्या झाल्या तर? चाळीत कुणाला सांगावं, की माझ्या पोरीच्या अंगावर फोड उठतील, तिला तुमच्या घरात घ्या? आम्ही वाळूजला उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बसलो. घरी जायचं तर रेणूला कुठं ठेवायचं, हेच ठरत नव्हतं. ऊन तापलं होतं. एका बाजूला सोपान माझ्या मांडीवर, दुसऱ्या बाजूला, लांब दगडावर, रेणू दंडावरचा कापूस धरून. ती म्हणाली, "आई, मी इथंच झाडाखाली राहू का?" तिनं हे शहाणपणानं विचारलं होतं. त्या वेळी मी देवीला हाक मारली. वर्षभरात पहिल्यांदा. काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, मला आता सुचत नाही, तूच बघ.

सरूबाई जोगव्याला मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. तो शनिवार होता. शनिवारी त्यांना मी आमच्या गल्लीत कधी बघितलं नव्हतं, त्या आधी नाही आणि नंतरही नाही. त्या समोरून आल्या, डोक्यावर रिकामा हंडा. म्हणाल्या, आमच्याकडचा टँकर आला नाही, तुमच्याकडं आला का बघायला आले. टँकर तर आमच्याकडंही आला नव्हता. मी त्यांना मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि रेणूला म्हणाल्या, "चल माझ्याकडं. माझ्या खोलीत मी आन आई, दोघीच असतो. लई जागा हाय."

मी म्हणाले, "मावशी, तिच्या अंगावर देवी आली तर?"

"तर माझ्या घरी पाव्हणी यील. मी रोज दारोदार तिच्या नावानं हात पसरते, ती माझ्या घरी आली तर मी नाय म्हणू व्हय?"

मी रेणूचं बोट त्यांच्या हातात दिलं. सोपानला दुरून हात करत ती गेली, रिकामा हंडा एका बाजूनं तिनं धरला, दुसऱ्या बाजूनं त्यांनी. नाल्यापलीकडं, गायरानाच्या कडेला त्यांची पत्र्याची खोली होती. मी तिथं बसूनच राहिले. शरण जाणं म्हणजे काय हे मी कीर्तनात पुष्कळदा ऐकलं होतं. मला वाटायचं, तो मोठ्या भक्तांचा प्रांत, आपण घर-दार-पोरंवाली माणसं. त्या दिवशी ते माझ्या हातून घडलं, आणि त्यात भक्ती किती होती आणि थकवा किती, हे मला आजही सांगता यायचं नाही. कदाचित पार थकल्यावरच माणसाची मूठ सुटते.

पुढचे दिवस मी रोज सकाळी उजेडात सोपानचा शर्ट वर करून पाठ-पोट बघायची. डास चावला तरी तो फुगवटा दिवसभर बघत राहायची. दोन दिवसांत आत्याबाईही वळकटी घेऊन नाल्यापलीकडं गेल्या. म्हणाल्या, परक्या बाईवर पोर टाकून मला इथं भाकर गिळत नाही. तिकडं त्या दोघी म्हाताऱ्या चहात साखर किती घालायची ह्यावरून भांडायच्या आणि रेणू हसायची, असं मंगल येऊन सांगायची. हो, मंगलच निरोप आणायची. पहिल्यांदा आली तेव्हा दाराबाहेर उभी राहिली. म्हणाली, "ताई, मला काय ठाऊक. तुमी सांगितलंच नाय कधी." ते खरं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नव्हतं. मग मी दारात बसून तिला सगळं सांगितलं, राखणदार, निजलेला जंतू, सगळं. तिनं ते टँकरच्या रांगेत सांगितलं. तेव्हापासून गल्लीत कुणाच्या पोराला नुसता ताप आला तरी पहिली खबर मला यायला लागली. मागं सरलेल्या गल्लीनंच माझ्या पोराभोवती कडं केलं.

मग एका दुपारी मंगल धावत आली. रेणूच्या पोटावर फोड उठले होते. चार-पाचच. मॅडमना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, लसीनं तिचं काम केलंय, एवढ्यावरच निभावेल, फक्त सगळ्या खपल्या धरेपर्यंत तिला आणू नका. ही पोर घरी असती तर काय झालं असतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. नाल्याच्या अलीकडं उभं राहून मी हाक मारली. पलीकडून रेणूनं फ्रॉक वर करून फोड दाखवले, अभिमानानं. सरूबाई तिच्या मागं उभ्या होत्या. ओरडून म्हणाल्या, "घाबरू नको, लेकी. आई आली, पाणी प्याली, निघाली."

वैशाख लागल्यावर रेणू घरी आली. सोपानच्या अंगावर एकही फोड उठला नाही. मी सरूबाईंना एकदा विचारलं, त्या दिवशी दारात तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, आईनं सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "लेकराच्या तोंडाला फडकं व्हतं. झाकून आणलेलं उघड्यावर ठिवत नसतात." दोन्ही उत्तरं त्यांनी सारख्याच आवाजात दिली. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

सोपानचे उपचार पुढं बराच काळ चालले. त्यात आणखी ताप आले, आणखी भीती आली, सगळं इथं सांगत नाही. संपले एकदाचे. मग काही महिने जाऊ दिले, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, आणि एका सकाळी मॅडमनी शब्द दिल्याप्रमाणं त्यालाही कांजण्यांची लस दिली. महिना चैत्राचा होता. आत्याबाई सोबत होत्या. सुई टोचताना त्यांनी हात जोडले आणि पुटपुटल्या, "बस गं माय, इथं बस, दमली असशील." मॅडमना वाटलं, आत्याबाई त्यांनाच म्हणतायत. त्या हसून स्टुलावर बसल्या.

सरूबाई आता आमच्याकडं नाहीत. गायरानाच्या कडेनं मोठा रस्ता झाला, पत्र्याच्या खोल्या गेल्या, आणि त्या चितेगावला भाचीकडं राहायला गेल्या. मागच्या वर्षी मी दोघा लेकरांना घेऊन भेटून आले. त्यांची नजर पार अधू झालीय. परडी भिंतीला टांगलेली होती. त्यांनी सोपानच्या डोक्यावरून हात फिरवला, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "केस लई दाट आले की रं." भाचीचं घर लहान आहे, तिच्या लेकाचं लग्न ठरलंय, असं निघताना तिनं दारात मला सांगितलं. आता तिथं सरूबाईंना जागा उरणार नाही, हे मला समजलं.

आम्हीही आता दोन खोल्यांत राहतो. एका खोलीत माझ्या रेणुकेचा पाट आहे आणि शेजारी एक खाट मावेल एवढी जागा मी मोकळी ठेवलीय. सरूबाई, तुम्हाला वाचता येत नाही, पण कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवील. तुम्ही दमाल तेव्हा निरोप धाडा. नाही धाडला तरी मी येईन, मंगळवार-शुक्रवार न बघता येईन. ज्या हातात मी माझ्या लेकीचं बोट दिलं, तो हात धरून तुम्हाला ह्या घरी आणीन. आईसमोर हा शब्द दिलाय आणि तो मी पाळणार आहे.